शके ७८२ की ९८२?

अंबरनाथचं शिवमंदिर पांडवांनी एका रात्रीत बांधलं, तेवढ्यात उजाडलं आणि शिखर राहून गेलं, ही कथा वाचकांना ठाऊक असेलच. मूर्तींचं कौतुकही भरपूर लिहून झालंय. मला मात्र गेली कित्येक वर्षं नादावलंय ते तिथल्या शिलालेखातल्या एका आकड्याने.

लेख उत्तरेकडच्या तुळईवर आहे. त्यात उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी मामवाणी राजाचं आणि त्याचा थोरला भाऊ छित्तराज याचं नाव येतं. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी त्यातलं वर्ष वाचलं शके ७८२, म्हणजे इ. स. ८६०. भाऊ दाजी म्हणजे त्या काळच्या मुंबईतलं बडं प्रस्थ: नामांकित डॉक्टर आणि संस्कृतचे पंडित. त्यांच्याकडे पदरी होते जुनागढचे भगवानलाल इंद्रजी. इंग्रजी बेताचं, पदवी नाही. पण गिरनारचे शिलालेख पोरवयातच वाचायला बसलेला माणूस. भाऊ दाजींसाठी हिंदुस्थानभर हिंडून लेखांचे ठसे आणणं हे त्यांचं काम. १८७४ मध्ये भाऊ दाजी गेले. पुढे भगवानलालांनी रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात अंबरनाथचा लेख नव्याने मांडला आणि वर्ष दिलं शके ९८२, म्हणजे १०६०.

एका अंकाने देऊळ दोनशे वर्षांनी अलीकडे आलं!

भगवानलालांचंच बरोबर होतं. भांडुपला सापडलेला छित्तराजाचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. थोरल्या भावाची सनद ९४८ ची असताना धाकटा ७८२ मध्ये राज्य करणार कसा? ताम्रपट तर अंबरनाथच्या वादाआधीच अभ्यासकांपुढे आलेला होता. एवढ्या मोठ्या विद्वानाने हा मेळ का घातला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

देवळाची बांधणीही ९८२ च्याच बाजूने साक्ष देते. शैली भूमिज: शिखरावर चारी बाजूंनी खालून वर जाणाऱ्या लता आणि लतांच्या मधल्या जागेत चिमुकल्या शिखरांच्या चढत्या रांगा. माळव्यात उदयपूरचं परमारांचं उदयेश्वर मंदिर याच शतकातलं, याच शैलीतलं. सिन्नरचं गोंदेश्वर त्यानंतरचं. अंबरनाथच्या शिखराचा वरचा भाग आता नाही, पण खालच्या लता शाबूत आहेत. भिंती इतक्या कोनाकोनांनी मोडत जातात की सपाट दगड शोधावा लागतो. मंडपातून गाभाऱ्यात जायचं तर पायऱ्या उतराव्या लागतात. पिंड जमिनीच्या पातळीखाली आणि माथ्यावर उघडं आकाश. बाहेर वालधुनी नदी वाहते. तिची आज जी गटारगंगा झाली आहे, तिच्याबद्दल न बोललेलंच बरं.

भगवानलालांनी पुढे १८८२ मध्ये सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप उकरला. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. भाऊ दाजींच्या नावाने भायखळ्याला संग्रहालय आहे आणि ते योग्यच आहे. पण अंबरनाथचं वय आपल्याला बिनचूक सांगितलं ते भगवानलालांनी. देवळात जाल तेव्हा महाशिवरात्रीची गर्दी टाळा आणि उत्तरेकडची तुळई पाहिल्याशिवाय परतू नका.