एका किलोची किंमत

मागच्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर अम्मीने नमाजसाठी खुर्ची मागितली. गुडघे फारसे दुखत नव्हते. "सजद्यातून उठताना अंगात जोरच राहत नाही," एवढेच ती म्हणाली. ज्याला उभे राहणे किंवा जमिनीवर बसणे जमत नाही त्याला बसून नमाज पढण्याची सवलत आहे, त्यामुळे तो प्रश्न नव्हता. आम्हा भावंडांना काळजी वाटली ती वेगळीच. आज सजद्यातून उठता येत नाही, उद्या पलंगावरून उठता आले नाही तर?

डॉक्टरांनी तपासले. सांधे वयाच्या मानाने ठीक होते, मांड्यांतली ताकद मात्र गेली होती. तिशी-चाळिशीनंतर स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर ही घट वाढत जाते. यावर गोळी नाही, आठवड्यातून दोन-तीन दिवस ताकदीचा व्यायाम हाच उपाय, असे त्यांनी सांगितले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही चालण्याबरोबर आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम सर्व प्रौढांना सांगितला आहे. आम्ही फक्त चालतच होतो, आणि तेही कधीमधी. साताऱ्यात राहणारे भाईजान एकेकाळी रोज पहाटे अजिंक्यतारा चढायचे. आता दुसऱ्या मजल्यावर जायलाही ते लिफ्ट शोधतात.

मग ठरले. सांगलीच्या घरात अम्मीसह आम्ही आणि साताऱ्यात भाईजान-भाभी, सगळ्यांनी एकाच दिवशी सुरुवात केली. पहिला महिना उत्साहात गेला. दुसऱ्या महिन्यात एकेक जण गळू लागला. हा लेख त्या दुसऱ्या महिन्याविषयी आहे, कारण बहुतेक घरांतला व्यायाम तिथेच थांबतो.

सुरुवातीची भरभराट

पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढल्यासारखी वाटते. पाच बैठकांवरून माणूस पंधरावर जातो. पण एवढ्या दिवसांत स्नायू फारसे वाढलेले नसतात. मेंदू आणि नसा असलेल्या स्नायूंकडून नीट काम करून घ्यायला शिकतात आणि बरीचशी वाढ तिथून येते. ते शिकून झाले की पुढची वाढ स्नायू खरोखर भरण्यावर अवलंबून असते, आणि त्याला महिने लागतात. माणसाला मात्र वाटते, आपले काहीतरी चुकतेय. कोणी व्यायाम सोडतो, कोणी एकदम दुप्पट वजन उचलून कंबर धरून बसतो. आमच्यातल्या एकाने तर जिममधल्या कोणाच्या तरी सांगण्यावरून पावडरचा महागडा डबाही आणला होता.

या वळणावर आम्हाला आपल्याच दोन जिल्ह्यांतल्या खेळाडूंनी शहाणे केले.

सांगलीचा एक किलो

३० जुलै २०२२. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा संकेत महादेव सरगर ५५ किलो वजनगटात उतरला. वडिलांचा पानाचा आणि चहा-नाश्त्याचा व्यवसाय. संकेत तिथे हातभार लावायचा आणि सांगलीच्याच दिग्विजय व्यायामशाळेत सराव करायचा. स्नॅचमध्ये त्याने ११३ किलो उचलले, क्लीन अँड जर्कमध्ये १३५, एकूण २४८. त्यानंतर १३९ किलो उचलताना कोपराला दुखापत झाली, तरी तिसऱ्या प्रयत्नाला तो उभा राहिला. वजन उचलले गेले नाही. मलेशियाच्या अनिक कसदानचे एकूण वजन भरले २४९ किलो. एका किलोने सुवर्ण गेले. तरीही त्या स्पर्धेतले भारताचे पहिले पदक संकेतचेच, रौप्य. त्याआधी, त्याच वर्षी जूनमध्ये, त्याची बहीण काजोल हिने खेलो इंडिया युवा स्पर्धेत ४० किलो गटात सुवर्ण जिंकले होते.

त्या वेळी सांगलीत 'एक किलोने हुकले' अशी हळहळ झाली. आम्हाला आता त्यातली दुसरी बाजू दिसते. जगातले बलवान लोकही एकेका किलोचा हिशोब करतात. मग आपण घरी एका उडीत दहा किलो वाढवायची घाई का करतो?

करगणीचे अकरा सेंटिमीटर

सांगली जिल्ह्यातच आटपाडी तालुक्यात करगणी हे गाव आहे. तिथल्या सचिन खिलारी यांचा डावा हात, शाळेत असताना सायकलवरून पडून झालेली दुखापत गँगरीनपर्यंत गेल्याने, कायमचा अधू झाला. पुढे ते गोळाफेकीत उतरले. त्यांचे आकडे आम्ही मुद्दाम वहीत लिहून ठेवलेत.

जुलै २०२३, पॅरिसची जागतिक पॅरा स्पर्धा: १६.२१ मीटर, सुवर्ण. ऑक्टोबर २०२३, हांगझाऊची आशियाई पॅरा स्पर्धा: १६.०३ मीटर, सुवर्ण. मे २०२४, जपानमधले कोबे: १६.३० मीटर, पुन्हा जागतिक सुवर्ण. सप्टेंबर २०२४, पॅरिस पॅरालिम्पिक: १६.३२ मीटर, आशियाई विक्रम आणि रौप्य.

पहिल्या आकड्यापासून शेवटच्या आकड्यापर्यंत चौदा महिने, आणि वाढ अकरा सेंटिमीटर. आपली वीतही त्याहून मोठी असते. दुसरा आकडा तर पहिल्यापेक्षा कमी आहे. म्हणजे मधल्या एका दिवशी आकडा खाली आला, तरी प्रगती थांबली नव्हती. आपल्यालाही असा दिवस येतो. झोप झालेली नसते, घरात आजारपण असते, कामावर कटकट झालेली असते आणि कालची पिशवी आज जड लागते. त्या दिवशीचा आकडा जसाच्या तसा लिहायचा आणि पुढच्या वारी पुन्हा उभे राहायचे.

गोळेश्वरची चार वर्षे

कराडजवळचे गोळेश्वर हे खाशाबा जाधवांचे गाव. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते सहावे आले. मातीतल्या पहिलवानाला मॅटची कुस्ती नवी होती. पुढच्या वरच्या गटात उतरून १९५२ मध्ये हेलसिंकीत त्यांनी कांस्य जिंकले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. सहाव्या क्रमांकावरून तिसऱ्यावर यायला चार वर्षे लागली. तीही एकट्याची नव्हती. प्रवासखर्चासाठी लोकांनी वर्गणी काढली आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट आजही या भागात अभिमानाने सांगितली जाते.

आपल्याकडे ताकद ही कधीच एकट्याने कमवायची गोष्ट नव्हती. तालीम, वस्ताद, पहिलवान, जोर, खुराक हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि गावागावांतल्या मातीत रुजले. तालीम या शब्दाचा मूळ अर्थच शिक्षण. जत्रेत आणि उरुसात कुस्त्यांचे मैदान भरते तेव्हा सगळे गाव कडेला बसते. तालमीत उशिरा आलेल्याला वस्ताद विचारतो, "काल कुठं होतास?" घरी व्यायाम करणाऱ्याला हे विचारणारे कोणी नसते, आणि बहुतेकांची टाळाटाळ तिथूनच सुरू होते.

म्हणून आम्ही दोन घरांचा एक वस्ताद नेमला. अम्मीच. सोमवार आणि गुरुवार, असरनंतर, ती साताऱ्याला फोन लावते आणि भाईजानना विचारते, "झाल्या का?" पन्नाशीतला माणूस आईला खोटे सांगू शकत नाही, हे आमच्या लक्षात आले.

आमची वही

आमचे सामान साधे आहे. एक भक्कम खुर्ची, एक भिंत, दोन पिशव्या आणि पाण्याच्या बाटल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वजनाचा हिशोब सोपा. खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर, पिशव्या उचलून घरभर चालणे आणि बाटली भरलेली पिशवी कमरेपासून छातीकडे ओढणे, एवढे चारच प्रकार. प्रत्येकाच्या दोन किंवा तीन फेऱ्या. सगळे मिळून अर्धा तास.

वाढ कधी करायची याचा नियम आम्ही पाळतो. ठरवलेल्या आकड्यापेक्षा शेवटच्या फेरीत दोन जास्त निघाले, आणि हे लागोपाठ दोन वेळा झाले, तरच अर्धा लिटर पाणी वाढवायचे. नाही झाले तर तेच वजन. आकडा महिनाभर हलला नाही तर आधी झोप आणि जेवण बघायचे.

जेवणाचेही सांगतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीप्रमाणे निरोगी प्रौढाला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. साठ किलोच्या माणसाला म्हणजे साधारण ५० ग्रॅम. एका अंड्यातून सहा ग्रॅमच्या आसपास मिळतात. बाकी डाळ, हरभरे, शेंगदाणे, दही, दूध, मासे, मटण. आमच्या घरात मटण रविवारी मनसोक्त आणि इतर दिवशी चहा-खारी, असा कारभार होता. तो बदलला, आणि पावडरचा डबा तसाच पडून राहिला. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिने वाढवण्याआधी, आणि रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. वजन उचलताना श्वास कोंडू नये. कळ आली तर थांबावे.

रमजानचा महिना

रमजानात सगळे बंद पडणार असेच आम्हाला वाटले होते. पण कमावलेली ताकद टिकवायला ती कमावण्याइतकी मेहनत लागत नाही. वजन तेच ठेवून फेऱ्या कमी केल्या तरी काही आठवडे ताकद बरीचशी टिकते. म्हणून आम्ही वजन ठेवले, फेरी एकच केली आणि वेळ इफ्तारनंतरची घेतली. दोन वेळा तेही चुकले. ईदनंतर पहिल्या आठवड्यात आकडे थोडे खाली होते, तिसऱ्या आठवड्यात पूर्ववत झाले. खंड पडला म्हणून सगळे वाया गेले असे समजून जो थांबतो, त्याचेच खरे नुकसान होते. थोडे असले तरी नित्य केलेल्या कामाची थोरवी हदीसमधून आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. शरीराच्या बाबतीतही ती इतकी तंतोतंत लागू पडेल असे वाटले नव्हते.

आता वर्ष होत आले. भाईजान अजिंक्यतारा अजून पूर्ण चढत नाहीत, अर्ध्या वाटेवर थांबून घरी फोन करतात. आमच्यापैकी कोणाचेही दंड फुगलेले नाहीत. अम्मीच्या वहीतले पहिले पान मात्र आम्ही अधूनमधून उघडून बघतो. पहिल्या दिवशी हातांचा आधार घेऊन ती खुर्चीवरून चार वेळा उठली होती. गेल्या गुरुवारी हात छातीशी घेऊन नऊ वेळा उठली.

खुर्ची घरातून गेलेली नाही. इशाला अम्मी अजून तीच घेते. मगरिबच्या तीन रकअत मात्र ती खाली मुसल्ल्यावर पढते. परवा सलाम फेरल्यावर कोणाचा हात न धरता उठली आणि आमच्याकडे बघून म्हणाली, "साताऱ्याला फोन लावा. आज त्याच्या झाल्या का विचारायचंय."