एका ठिपक्याची राखण

गणिताच्या पेपरात दशांश चिन्ह चुकलं तर गुण जातो. पण औषधाच्या चिठ्ठीवर चुकलं तर? ‘.५’ मधला ठिपका पुसट झाला, की वाचणारा ‘५’ वाचतो. डोस एकदम दहापट! लहान मुलांचा डोस बहुतेकदा वजनावरून काढतात, त्यामुळं तिथं धोका जास्त. उपाय मात्र अगदी साधा. ‘०.५’ असं लिहायचं, आणि ‘५.०’ न लिहिता नुसतं ‘५’.

अशा चुका गोळा करून सगळ्यांना सांगायचं काम अमेरिकेतल्या एका इस्पितळाच्या फार्मासिस्टनं, मायकेल कोहेन यांनी, १९७५ साली सुरू केलं. मासिकातलं सदर होतं ते. चूक कुणी केली यापेक्षा ती घडली कशी, हे ते विचारत. २००५ मध्ये त्यांना मॅकआर्थर फेलोशिप हा मोठा मान मिळाला. नवं औषध शोधणाऱ्याला बक्षीस मिळतं, हे ठाऊक होतं. चुका शोधणाऱ्यालाही मिळालं, याचं मला भारी कौतुक वाटलं!

औषधांची ही विद्या आपल्याकडंही शिकवतात. सातारा जिल्ह्यात कराडला शासकीय फार्मसी कॉलेज आहे, सांगलीला आप्पासाहेब बिरनाळे कॉलेज. शिवाय २००८ पासून देशात ‘फार्म.डी.’ हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम निघाला. त्याचं शेवटचं वर्ष इस्पितळात, रुग्णाच्या खाटेपाशी जातं. २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची देशभर नोंद होते. घरात कुणाला गोळीनं अंगावर पुरळ उठलं, तर १८००-१८०-३०२४ या नंबरावर फुकट कळवता येतं. आधी डॉक्टरांकडं जायचं, हे काय सांगायला हवं!