धुराची शेगडी पहिल्यांदां पेटवितांना



पुण्यामुंबईच्या ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी अमेरिकेंत स्थायिक झालेली आहे, त्या घरांतील आईवडिलांना तिकडील परसांत एक काळी लोखंडी पेटी उभी असलेली पुष्कळदां दिसते. तिला खालीं पाय, वर झांकण, एका अंगाला धुराडें आणि दुसऱ्या अंगाला एक डबा असतो. ती विजेच्या तारेनें घराशीं जोडलेली असते, आणि तरीहि तिच्यांतून लांकडाचा धूर निघत असतो. वीज आणि लांकूड यांचा हा संयुक्त संसार पाहून प्रथम थोडें नवलच वाटतें. या उपकरणाला तिकडे ‘पेलेट स्मोकर’ म्हणतात. आपण सोयीसाठीं त्यास धुराची शेगडी म्हणूं. ती नवी घरीं आली असतां आरंभीं काय करावें, काय टाळावें, आणि तसें कां, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

मांस मंद आंचेवर, लांकडाच्या धुरांत, कित्येक तास शिजूं देण्याची कला अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत जुनी आहे. कॅरोलायनाच्या दोन्ही राज्यांत डुकराचा खांदा किंवा सबंध डुक्कर, तर टेक्सासमध्यें गाईबैलाच्या छातीचा जाड तुकडा, ही त्या त्या प्रांताची प्रौढी समजली जाते. खांदा आणि छाती हे जनावराचे फार राबणारे भाग. म्हणून ते चिवट, आणि म्हणूनच एके काळीं स्वस्त. हा चिवटपणा कोलॅजेन नांवाच्या द्रव्यामुळें असतो. दीर्घकाळ उष्णता मिळाली कीं त्याचें मऊ जिलेटिन बनतें. पण ही क्रिया घाईनें होत नाहीं. जुन्या पद्धतींत त्यासाठीं कोणा तरी एकाला रात्रभर विस्तवापाशीं जागत बसावें लागे. लांकूड जास्त पडलें तर मांस करपावयाचें, आणि हवा कमी पडली तर विस्तव धुमसून कडवट धूर सुटावयाचा. या जागरणांतून माणसाची सुटका करणें हेंच नव्या शेगडीचें प्रयोजन.

तिचा जन्म मात्र दक्षिणेंत न होतां दूर वायव्येकडील ऑरेगॉन राज्यांत झाला. १९७३ सालीं खनिज तेलाची टंचाई झाल्यावर, लांकूड कापण्याच्या कारखान्यांतील भुसा दाबून त्याच्या कांड्या कराव्या व त्या घर तापविण्यासाठीं जाळाव्या, या कल्पनेला जोर चढला. माउंट एंजल या लहानशा गांवीं घरें तापविण्याच्या उपकरणांचा धंदा करणाऱ्या ट्रेगर कुटुंबांतील जो ट्रेगर यांनीं १९८५ च्या सुमारास अशा कांड्यांवर अन्न शिजविणारी शेगडी तयार केली, आणि १९८६ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. पेटंटाची मुदत २००६ सालीं संपल्यावर इतर कारखानदारहि या धंद्यांत उतरले. आज बाजारांत तिचे अनेक प्रकार दिसतात. नांवें निराळीं, पण अंतरंग बहुतेक एकच.

तें अंतरंग असें. बाजूच्या डब्यांत कांड्या भरतात. डब्याच्या तळाशीं एक आडवें मळसूत्र असतें. तें विजेच्या मोटरीनें सावकाश फिरूं लागलें कीं कांड्या पुढें सरकत सरकत पेटीच्या मध्यभागीं असलेल्या एका लहान लोखंडी भांड्यांत पडतात. या भांड्याला आपण अग्निपात्र म्हणूं. त्यांत विजेनें लाल होणारी एक सळई असते. ती पहिल्या कांड्या पेटविते व कांहीं मिनिटांनीं आपण होऊन विझते. त्यापुढें विस्तव जागता ठेवण्याचें काम एक पंखा करितो. अग्निपात्रावर लोखंडी पत्रा, त्यावर चरबी वाहून नेणारें उतरतें ताट, आणि त्याहून वर अन्न ठेवण्याची जाळी. म्हणजे ज्वाळा अन्नास लागत नाहीं. तापलेली हवा आणि धूर तेवढे त्याच्याभोंवतीं फिरतात. खरें पाहतां हिला शेगडी म्हणण्यापेक्षां भट्टी म्हणणेंच अधिक यथार्थ होईल. पेटींतील उष्णता मोजून, ती कमी झाली कीं मळसूत्र अधिक फिरवावयाचें व वाढली कीं कमी, हा हिशेब एक विजेचा नियामक ठेवतो. कांटा थोडा मागेंपुढें झुलतो; पांच-दहा अंशांच्या फरकानें कोणी घाबरूं नये.

या नियामकाला हवेची उष्णता कळते. दुसरें कांहीं कळत नाहीं. कांड्या दमट आहेत, अग्निपात्र राखेनें भरलें आहे, विस्तव विझून गेला आहे, किंवा वर ठेवलेली कोंबडी आंतून कच्ची आहे, यांपैकीं एकहि गोष्ट तो निश्चितपणें जाणत नाहीं. नवशिक्याचें काम नेमकें येथून सुरू होतें, आणि बहुतेक अपघातांचें मूळहि येथेंच असतें.

प्रथम जळणाचा विचार करूं. कांडी साधारण ६ मिलिमीटर जाड असते. तिच्यांत डिंक किंवा सरस घालावा लागत नाहीं. भुसा जबर दाबाखालीं तापला कीं लांकडांतील लिग्निन नांवाचें द्रव्य मऊ होऊन तेंच त्याला बांधून ठेवतें. परंतु पाण्याचा स्पर्श झाला कीं हें बंधन सुटतें. कांडी फुगते, तिचा पुन्हां भुसा होतो, आणि तो मळसूत्रांत सिमेंटासारखा बसतो. म्हणून पोतें उघडल्यावर कांड्या घट्ट झांकणाच्या डब्यांत ठेवाव्या, आणि शेगडी बरेच दिवस वापरावयाची नसल्यास तिचा डबा रिकामा करावा. हातांत घेऊन मोडली असतां कट्‌कन आवाज करून तुटेल ती कांडी कोरडी समजावी. आणखी एक गोष्ट विशेष लक्षांत ठेवण्यासारखी आहे. घर तापविण्याच्या कांड्या दिसावयास अगदीं अशाच असतात व स्वस्तहि मिळतात. पण त्यांत राळयुक्त लांकूड किंवा इतर भेसळ असूं शकते. अन्नासाठीं म्हणून विकलेल्या कांड्याच घ्याव्या. हिकरी, ओक, सफरचंद, चेरी, मेस्कीट अशीं नांवें पोत्यांवर असतात. त्यांच्या स्वादांविषयीं तिकडे तासन्‌तास वाद चालतात. माझ्या मतें पहिल्या महिन्यांत ओक किंवा हिकरी यांपैकीं एक पोतें घेऊन त्यावरच हात बसवावा. मंद आंचेवर तासाला सुमारें अर्धा ते एक किलो जळण लागतें, म्हणून रात्रीच्या लांबलचक शिजवणापूर्वीं डबा पाहून ठेवावा.

पहिल्या दिवशीं अन्न शिजवूंच नये. नव्या पत्र्यावर कारखान्यांतील तेल, धूळ व रंगाचा वास असतो. तो जाळून टाकला पाहिजे. शेगडी घराबाहेर, भिंतीपासून व लांकडी कुंपणापासून दूर, उघड्या हवेंत ठेवावी. मोटारीच्या खोलींत, बंद गॅलरींत किंवा छपराच्या कोंडलेल्या कोपऱ्यांत ती कधींहि पेटवूं नये, कारण जळत्या लांकडांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायु डोळ्यांना दिसत नाहीं व नाकाला जाणवत नाहीं, पण प्राण घेतो. हें सांगतांना मला आपल्या शहरांतील सदनिका आठवतात. ज्यांना गॅलरीशिवाय उघडी जागा नाहीं, त्यांनीं हा पदार्थ दुसऱ्याच्या परसांत जाऊन खावा हें उत्तम.

रिकाम्या मळसूत्रांतून पहिल्या कांड्या अग्निपात्रापर्यंत यावयास कांहीं मिनिटें लागतात. तेवढ्यानें यंत्र बिघडलें असें मानूं नये. पेटतांना झांकण उघडें ठेवावयाचें कीं मिटावयाचें, हें प्रत्येक कारखान्याच्या माहितीपुस्तकांत निराळें असतें, आणि तेथें पुस्तकाचेंच ऐकावें. प्रथम दाट पांढरा धूर सुटतो. तो ओसरून धूर पातळ व किंचित् निळसर झाला कीं विस्तव नीट लागला असें समजावें. मग सुमारें १८० अंश सेल्सियसवर, म्हणजे तिकडच्या मापानें ३५० अंश फॅरनहाइटवर, तासभर शेगडी रिकामी चालूं द्यावी. पुढेंहि प्रत्येक वेळीं अन्न आंत ठेवावयाचें तें हा पांढरा धूर गेल्यावरच. त्या धुरानें अन्नाला कडू, घसा धरणारी चव येते.

आरंभीं काय शिजवावें? उत्साही मंडळी एकदम मोठ्या ब्रिस्केटलाच हात घालतात. मी कोंबडी सुचवितों. ती स्वस्त असते, तास-दीड तासांत होते, आणि बिघडली तरी रात्र वायां जात नाहीं. मीठ, हळद, तिखट, आलें-लसूण असा आपला नेहमींचा मसाला तिला उत्तम मानवतो. उष्णता सुमारें १६० अंश ठेवावी, कारण फार मंद आंचेवर कोंबडीची कातडी रबरासारखी राहते. धुराची रुचि मांस थंड व ओलसर असतांना अधिक बसते. म्हणून तें शीतकपाटांतून काढून लगेच जाळीवर ठेवण्यास हरकत नाहीं. मात्र गोठलेलें मांस ठेवूं नये.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कोंबडी झाली कीं नाहीं हें घड्याळावरून ठरवूं नये, आणि रंगावरूनहि ठरवूं नये. धुरांतील नायट्रिक ऑक्साइड व कार्बन मोनॉक्साइड हे वायु मांसांतील मायोग्लोबिन या रंगद्रव्याशीं संयोग पावतात व त्याला गुलाबी ठेवतात. त्यामुळें पूर्ण शिजलेलें मांसहि कडेनें गुलाबी दिसतें. एकदां हें कळलें कीं माणूस निर्धास्त होतो, आणि खरोखरच्या कच्च्या गुलाबी मांसालाहि धुराची करामत समजून पाहुण्यांना वाढतो. धोका तेथें आहे. उपाय सोपा आहे. टोंकदार सुईचा उष्णतामापक विकत घ्यावा, व त्याची सुई हाडाला न लागेल अशा बेतानें जाड भागांत खुपसावी. कोंबडींत निदान ७४ अंश सेल्सियस, खिम्याच्या पदार्थांत ७१, असा अमेरिकेच्या शेतकी खात्याचा दंडक आहे. कोंबडीची तंगडी ८० च्या पुढें गेली तर अधिकच मऊ लागते. कच्चें मांस नेलेल्या ताटांत शिजलेलें परत आणूं नये. ४ अंशांपासून ६० अंशांपर्यंतच्या टप्प्यांत जंतु झपाट्यानें वाढतात, म्हणून मंद आंच याचा अर्थ कोमट आंच असा कोणी करूं नये.

दोन-चार कोंबड्या साधल्यावर डुकराचा खांदा घ्यावा. १०७ अंशांवर, म्हणजे २२५ फॅरनहाइटवर, साडेतीन किलोच्या तुकड्याला दहापासून चौदा तासहि लागतात. यांत एक चमत्कारिक प्रसंग येतो. मांसाची आंतील उष्णता चढत चढत ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान येते आणि तेथेंच थबकते. एक तास जातो, दोन जातात, कांटा हलत नाहीं. यजमान घामाघूम होतो. वस्तुतः घाम मांसालाच आलेला असतो! त्याच्या पृष्ठभागावरून पाण्याची वाफ होते, आणि आपल्या उन्हाळ्यांतील माठ ज्या नियमानें पाणी गार करितो, त्याच नियमानें ही वाफ मांसाला गार ठेवते. पाणी आटत आलें कीं कांटा पुन्हां चालूं लागतो. ज्यांना थांबवत नाहीं त्यांनीं तुकडा जाड कागदांत किंवा अल्युमिनियमच्या पत्र्यांत गुंडाळावा. वाफ कोंडली कीं थंडावणें संपतें, मात्र वरची खरपूस साल थोडी मऊ पडते. आंतील उष्णता ९३-९५ वर आली व सुई लोण्यांत शिरावी तशी शिरली कीं काम झालें. त्यानंतर तासभर तो गुंडाळून ठेवावा.

शाकाहारी घरांसाठीं दोन शब्द. पनीर, मक्याचीं कणसें, टोमॅटो, इतकेंच नव्हे तर जाडें मीठहि या धुरांत छान होतें. भरताच्या वांग्याविषयीं मात्र माझें मत प्रतिकूल आहे. भरताची खरी चव सालीला ज्वाळेचा चटका बसून येते, आणि येथें ज्वाळा वांग्यापर्यंत पोंचतच नाहीं. वांगें शिजतें, धुरकट होतें, पण तें भरीत नव्हे. आपल्या निखाऱ्यावर तूप सोडून दिलेल्या धुंगाराशींहि या धुराची तुलना करूं नये. तो तुपाचा धूर, हा लांकडाचा.

राहतां राहिला शेगडी विझविण्याचा भाग. काम झालें कीं विजेची तार ओढून काढण्याचा मोह होतो. तसें करूं नये. नियामकावर बंद करण्याची निराळी कळ असते. ती दाबल्यावर कांड्या येणें थांबतें, पण पंखा कांहीं मिनिटें चालून उरलेलें जळण जाळून टाकतो. पंखा एकाएकीं थांबला तर धुमसणारा विस्तव मळसूत्रांतून मागें डब्याकडे सरकूं शकतो. वीज मध्येंच गेली तर म्हणूनच शेगडीपासून हलूं नये.

याहून वाईट प्रसंग म्हणजे शिजवण चालू असतां विस्तव आपोआप विझणें. उष्णता उतरते, नियामकाला वाटतें जळण कमी पडलें, आणि तो न पेटलेल्या कांड्यांचा ढीग अग्निपात्रांत रचीत राहतो. अशा वेळीं सरळ पुन्हां पेटविली तर तो सारा ढीग एकदम भडकतो. शेगडी बंद करून थंड होऊं द्यावी, जाळी, ताट, पत्रा काढून अग्निपात्र रिकामें करावें, आणि मगच नव्यानें आरंभ करावा. चरबीनें आंत पेट घेतला तर झांकण मिटलेलेंच ठेवावें, वीज तोडावी, व पाणी मुळींच टाकूं नये. हे दोन्ही प्रकार बहुधा आळसांतून उद्‌भवतात. ताटावरील चरबी दर वेळीं खरवडली, आणि दोन-तीन शिजवणांनंतर अग्निपात्रांतील राख काढली, तर ते क्वचितच घडतील. राख काढावयाची ती दुसऱ्या दिवशीं. कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेंत विस्तव कित्येक तास जिवंत असतो, आणि कागदाच्या पिशवींत किंवा प्लॅस्टिकच्या कचरापेटींत ती टाकल्यास आग लागूं शकते. झांकणाचा एक पत्र्याचा डबा शेगडीच्या शेजारीं, जमिनीवर, केवळ तिच्यासाठींच ठेवलेला असावा.