झाड नाही म्हणजे काय नाही?

आज निलगिरीबद्दल बोलू. झाडाबद्दल नाही, डोंगराबद्दल. गंमत बघा, सर्दी झाली की आपण ज्याचं तेल हुंगतो ते झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. पण मराठीत त्याला नाव मिळालं तमिळनाडूतल्या डोंगराचं. म्हणजे जिथे ते परकं, तिथलंच नाव त्याला चिकटलं!

या निलगिरी पठाराच्या पश्चिम कडेला मुकुर्ती राष्ट्रीय उद्यान आहे. १९९० साली त्याला हा दर्जा मिळाला. उंची बहुतेक ठिकाणी २,००० मीटरच्या वर. तिथे दोन प्रकारचं रान शेजारी शेजारी नांदतं. घळींमध्ये, ओढ्यांच्या काठानं बुटकी, दाट, सदाहरित झाडी असते. तिला 'शोला' म्हणतात. त्यात जांभळाच्या आणि दालचिनीच्या कुळातली झाडं, लाल फुलांचा ऱ्होडोडेंड्रॉन, खोडांवर शेवाळ आणि आमरी. आणि घळीतून वर आलं, की एकदम उघडं गवत. मधे संक्रमण असं जवळजवळ नाहीच.

झाडं वर का सरकत नाहीत? एक मोठं कारण म्हणजे हिमतुषार. हिवाळ्यात उघड्या गवतावर रात्री पारा शून्याखाली जातो, शोलातल्या झाडांची कोवळी रोपं त्यात जळतात. वणवेही रोपांना टिकू देत नाहीत. गवत मात्र मुळापासून पुन्हा फुटतं.

इंग्रजांनी हे गवत पाहिलं आणि त्यांना ती मोकळी जागा वाटली. १९व्या शतकात ऑस्ट्रेलियातून निलगिरी आणि वॉटल आणले. स्वातंत्र्यानंतर आपणही, कातडी कमावायला लागणारी साल आणि कारखान्यांसाठी लाकूड मिळावं म्हणून, गवताळ उतारांवर वॉटलची लागवड केली. कागदावर वनक्षेत्र वाढलं. प्रत्यक्षात निलगिरी ताहर या रानबकरीचं कुरण गेलं, तोडा लोकांच्या म्हशींची चराई आक्रसली.

आता आमच्या विषयाकडे येतो. न्यायदर्शनात 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानतात. पण अभाव नुसता नसतो, तो कशाचा तरी असतो. ज्याचा अभाव, तो 'प्रतियोगी'. 'इथे घट नाही' हे कळायला घट आधी मनात असावा लागतो. तसंच, 'इथे जंगल नाही' असं म्हणणाऱ्याच्या मनात झाड आधीच रुजलेलं असतं. गवताला स्वतःमध्ये कसलीच उणीव नव्हती. तिथल्या दलदलीत साठलेल्या पीटच्या थरांमधला कार्बन तपासला गेला, १९९३ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. हवामानाबरोबर झाडं आणि गवत यांचं प्रमाण बदलत गेलं, पण गवत तिथे हजारो वर्षांचं जुनं आहे. जंगल तोडून उरलेली ती जागा नव्हे.

मग वॉटल उपटून टाकावा? इतकं सोपं नाही. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं, तोडलं की पुन्हा उगवतं. शिवाय काही ठिकाणी त्याच्याच सावलीत शोलाची रोपं रुजताना दिसली आहेत. म्हणजे कुठे काढायचा, कुठे थांबायचं, हे जागा बघूनच ठरवावं लागतं.

आणि हे फक्त तिकडचं नाही हो. निलगिरीच्या उतारांवर १२ वर्षांनी फुलणारी कुरिंजी ही आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची सख्खी बहीण, एकाच प्रजातीसमूहातली. आपल्याकडेही पावसाळ्यात फुलांनी भरणाऱ्या सड्यांना आपण सहज 'पडीक' म्हणून जातो. पुढच्या वेळी वृक्षारोपणाला खड्डा खणण्याआधी एवढंच विचारा: इथे आत्ता काय आहे?