थंड पाण्यातील कोळंबी आणि मासेमारी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मासेमारीमुळे कोळंबीची संख्या घटते, हे सर्वांना ठाऊक असते. पण उरलेल्या साठ्यात नर किती, माद्या किती आणि त्या कोणत्या वयाच्या, ही रचनाही बदलते. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील मेनच्या आखातातली ‘पँडॅलस बोरिॲलिस’ ही कोळंबी याचे ठळक उदाहरण आहे.

गैरसमज : कोळंबी जन्मभर नर किंवा मादीच असते.
वस्तुस्थिती : कोकणात मिळणाऱ्या टायगर कोळंबीत नर आणि मादी वेगळे असतात. पँडॅलस मात्र आधी नर म्हणून वयात येते आणि साधारण वर्षभराने मादी होते. त्यामुळे साठ्यातील लहान कोळंबी बहुतांशी नर असते आणि मोठी मादी.

गैरसमज : मोठी कोळंबी धरून लहान सोडली, की साठा सुरक्षित राहतो.
वस्तुस्थिती : या जातीत मोठी कोळंबी धरणे म्हणजे माद्याच उचलणे. मादी पोटाखालच्या पायांना चिकटलेली अंडी कित्येक महिने वागवते आणि ती फुटण्याच्या सुमारास, हिवाळ्यात, किनाऱ्याजवळ येते. मेनच्या आखातातली मासेमारीही मुख्यतः हिवाळ्यातच चाले. अंडी फुटण्यापूर्वी मादी जाळ्यात सापडली, तर तिच्याबरोबर पुढची पिढीही जाते.

गैरसमज : माद्या घटल्या तरी नर लवकर मादी होऊन तूट भरून काढतात.
वस्तुस्थिती : काही साठ्यांत लिंगबदल कमी वयात किंवा लहान आकारात होताना आढळला आहे. पण मादी जितकी लहान, तितकी तिची अंडी कमी. शिवाय ही कोळंबी जेमतेम पाच वर्षे जगते. मोठ्या वयाच्या माद्या संपल्या, की सारे प्रजनन एखाद-दोन वर्षांत जन्मलेल्या पिढीवर येऊन पडते. तीच पिढी दुबळी निघाली, तर साठा कोसळतो.

गैरसमज : मासेमारी थांबवली की साठा पूर्ववत होतो.
वस्तुस्थिती : 1978 मध्ये इथली मासेमारी बंद ठेवली होती, त्यानंतर साठा सावरला. 2014 पासूनच्या बंदीनंतर मात्र तसे घडलेले नाही. मेनचे आखात या जातीच्या वसतिक्षेत्राच्या दक्षिण टोकाला आहे आणि त्याचे पाणी वेगाने तापत आहे. 2012 मध्ये ते विशेष उष्ण होते. उबदार पाण्यात पिल्ले कमी जगतात.

म्हणूनच पकडीचे एकूण वजन पाहून साठ्याची प्रकृती कळत नाही. आकार, लिंग आणि वय यांची नोंद ठेवूनच पकडीची मर्यादा आणि हंगाम ठरवावा लागतो. पाणी तापत असेल, तर मर्यादा आणखी खाली आणावी लागते.