वायपर नवे, तरी काच धूसर?
पावसाळी रात्री समोरून ट्रकचे दिवे येतात आणि जुन्या वायपरने काचेवर ओढलेला पाण्याचा प्रत्येक पट्टा तो प्रकाश विखुरतो. डोळे दिपतात. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर जाते. तेवढ्यात रस्ता ओलांडणारा माणूस दिसायला हवा.

वायपरचे रबर बिघडते ते मुख्यतः उन्हाळ्यात. उन्हाने ते कडक होते, चिरते. मेअखेरीस त्यावरून बोट फिरवून पाहावे आणि गरज वाटल्यास ब्लेड बदलावेत. दोन्ही बाजूंची लांबी अनेकदा वेगळी असते, ती मोजून घ्यावी. महागडेच हवेत असे नाही. काचेला पूर्ण टेकणारे हवेत.

ब्लेड नवे, काच स्वच्छ, तरीही दिव्यांभोवती वलये दिसतात? पन्नाशीनंतर ती मोतीबिंदूची सुरुवात असू शकते. डोळे तपासून घ्यावेत. तोवर रात्री गाडी दुसऱ्याच्या हाती द्यावी.