मिरजेचा तंबोरा आणि मराठवाड्याचा कान

लातूर आणि मिरज ही दोन नावे एका दमात उच्चारली की आज आपल्याकडील वाचकास आठवते ती एप्रिल २०१६ मधील जलगाडी. पहिल्या खेपेस दहा टाक्यांतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ती १२ एप्रिल रोजी लातुरात दाखल झाली आणि तहानलेल्या शहराच्या ओठी मिरजेचे नाव कृतज्ञतेने आले. परंतु या दोन गावांस जोडणारी वाट त्याहून पुष्कळ जुनी आहे. बार्शी लाइट रेल्वे या खाजगी कंपनीने १८९७ साली अडीच फुटी रुळांवर बार्शीची गाडी सुरू केली. तेच रूळ पुढे १९०६ साली पंढरपुरास, १९११ साली निजामाच्या मुलखातील लातुरास आणि १९२७ साली मिरजेस जाऊन भिडले. या मार्गाची मौज अशी की त्याच्या मधल्या टप्प्यात, भीमेच्या काठी, तंबोऱ्याचा भोपळा पिकतो. एका टोकास, मिरजेत, त्याचा तंबोरा होतो. आणि दुसऱ्या टोकापासून पुढे थेट नांदेडपर्यंत पसरलेल्या प्रदेशात तो तंबोरा आणि त्याची धाकटी बहीण शोभावी अशी भजनी वीणा गावोगावच्या देवळांत झंकारत असते.

आपल्या मराठवाड्यातील अखंड हरिनाम सप्ताह ज्याने पाहिला आहे त्यास हे निराळे सांगावयास नको. सात अहोरात्र वीणा जमिनीवर टेकवावयाची नाही, एका वीणेकऱ्याने ती दुसऱ्याच्या गळ्यात घालावयाची, असा तिथला दंडक. औशाच्या नाथ संस्थानातील चक्री भजनाची परंपरा, माहूरच्या रेणुकेच्या गोंधळातील तुणतुणे, नांदेडच्या सचखंड श्री हुजूर साहिब येथील कीर्तनाचा अखंड ओघ, आणि अण्णासाहेब गुंजकरांसारख्या गुरूची तालीम घेऊन पुढे संगीत नाटक अकादमीच्या पुरस्कारापर्यंत पोचलेले पं. नाथराव नेरळकर, ही सारी उदाहरणे या प्रदेशाचा कान किती प्रकारच्या नादांवर पोसला गेला आहे त्याची साक्ष देतात. किंबहुना तंतुवाद्यांचे शास्त्रही याच भूमीत लिहिले गेले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या पदरी, काश्मीरहून आलेल्या कुळात जन्मलेला शार्ङ्गदेव हा राज्याच्या हिशेबी दप्तराचा प्रमुख होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एकतंत्री, आलापिनी, किन्नरी इत्यादी वीणांची मापे अशा काटेकोरपणे दिली आहेत की, एखाद्या सुताराने ग्रंथ पुढे ठेवून काम सुरू करावे. एकतंत्रीचे वर्णन करताना तो सांगतो की तार आणि तिच्याखालील पट्टी, म्हणजे ‘पत्रिका’, यांच्यामध्ये वेळूची एक बारीक चीप, जिला तो ‘जीवा’ म्हणतो, बसवावी, म्हणजे नाद पुष्ट होतो. या लहानशा चिपेकडे आपल्याला पुढे परत यावयाचे आहे.

शास्त्र देवगिरीस रचले गेले, तथापि कारागिरी वसली ती मिरजेस. आणि ती वसविणारी माणसे मुळात वाद्यांची नव्हती, हत्यारांची होती. पेशवाईचा अस्त झाला, तलवारीची मागणी ओसरली, आणि शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा हुन्नर निरुपयोगी होण्याच्या बेतास आला. अशा वेळी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, फरीदसाहेब शिकलगार यांनी बिघडलेली वाद्ये दुरुस्त करता करता नवी सतार घडविण्यास आरंभ केला, आणि पटवर्धन संस्थानिकांच्या संगीतप्रेमामुळे त्या खटपटीस आश्रय लाभला. घराण्याचे आडनावच पुढे सतारमेकर झाले. नांदेड शहरातही शिकलगार शिखांची वस्ती आहे आणि शस्त्रांशी असलेले त्यांचे नाते सर्वश्रुत आहे. एकाच हुन्नराच्या दोन शाखांपैकी एक पोलादापाशी राहिली आणि दुसरी तारेकडे वळली, हा इतिहासाचा योग विचार करण्याजोगा आहे. मिरजेस त्यानंतर गायकांची रीघ लागली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तेथे विद्या दिली, विष्णु दिगंबर पलुसकरांनी ती तेथे घेतली, आणि किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ तर मिरजेचेच होऊन राहिले. १९३७ साली दक्षिणेत प्रवासात असताना त्यांचे देहावसान झाले, तरी त्यांस चिरविश्रांती लाभली ती मिरजेच्या मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात. आणि तेथे उरुसाच्या निमित्ताने त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. तंबोरा मिळविण्यात खाँसाहेबांचा हातखंडा होता, आणि ज्या गावात असा चोखंदळ कान नांदतो त्या गावच्या कारागिरास गाफील राहण्याची मुभा नसते.

सतारमेकर गल्लीत शिरले म्हणजे प्रथम दिसतात ते छताला टांगलेले आणि भिंतीशी रचलेले भोपळे. हा भोपळा कडू जातीचा, पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस मुद्दाम पिकविलेला. तो वेलीवरच पुरता निबर होऊ द्यावा लागतो आणि नंतर उन्हात वाळवून ठेवावा लागतो. वाद्याचे माप ठरवितो तो भोपळा, कारागीर नव्हे. पुरुषी आवाजाच्या पाच फुटी तंबोऱ्यास चार फुटांहून अधिक घेराचा भोपळा लागतो, आणि तसा निर्दोष नग शेकड्यांतून निवडावा लागतो. निवडलेला भोपळा पाण्यात भिजवून नरम करावयाचा, तोंड कापून बिया आणि गर काढावयाचा, आणि आत काटक्यांचे आधार देऊन हवा तो आकार धरेपर्यंत सुकू द्यावयाचा. मग त्यास लाकडी गळा जोडतात, गळ्यावर पोकळ दांडी चढते, भोपळ्याच्या तोंडावर तून लाकडाची किंचित फुगीर तबली बसते, खुंट्यांची भोके पडतात, कडेने पानाफुलांची नक्षी कोरली जाते आणि लाखेच्या पॉलिशचे हात फिरू लागतात. ही सारी कामे एकाच माणसाची नसतात. एक हात भोपळ्यात मुरलेला असतो, दुसरा नक्षीत, आणि तार चढविण्याचे अखेरचे काम बहुधा घरातील वडीलधाऱ्याकडे राखून ठेवलेले असते.

या क्रमात ध्वनीचे जे शास्त्र दडले आहे ते समजून घेण्यास एक परदेशी उदाहरण उपयोगी पडेल. आजच्या अभिजात गिटारचा साचा ज्याने सिद्ध केला त्या आंतोनिओ दे तोरेस या स्पॅनिश कारागिराने १८६२ साली एक चमत्कारिक गिटार केली: तिचे पाठीचे आणि बाजूचे भाग त्याने कागदाच्या लगद्याचे ठेवले आणि वरची फळी मात्र उत्तम लाकडाची घातली. गिटार उत्तम बोलली. कारण तार स्वतः हवा फारशी हालवू शकत नाही, तिचे कंपन ती जिच्यावर टेकते त्या घोडीतून वरच्या फळीत उतरते आणि आवाज निघतो तो मुख्यतः त्या फळीतून. तंबोऱ्याची तबली म्हणजे हीच फळी. ती जाड राहिली तर वाद्य मुके होते आणि फाजील पातळ झाली तर ताणाने दबते. म्हणून कारागीर ती बोटाने ठोकून, ऐकून, पुन्हा तासून पाहतो. गिटारचे आणि आपले नाते याहूनही जवळचे आहे. ब्राझीलच्या शिसवी लाकडाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९९२ पासून कडक निर्बंध आले, तेव्हा जगभरच्या गिटार करणाऱ्यांनी पाठीसाठी आणि बाजूंसाठी धाव घेतली ती भारतातील शिसवाकडे. २०१७ साली शिसवाची सारी जातच परवान्याच्या कक्षेत आली, वाद्यव्यवसाय अडचणीत सापडला, आणि २०१९ च्या जिनीव्हा येथील परिषदेत तयार वाद्यांस त्यातून सूट मिळाली.

परंतु गिटार आणि तंबोरा यांची वाट घोडीपाशी वेगळी होते. गिटारची तार एका अरुंद कडेवर टेकते, म्हणून तिचा स्वर स्वच्छ उमटतो आणि लवकर विरतो. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा माथा नजरेस क्वचितच जाणवेल इतका उतरता गोलसर घासलेला असतो. कंप पावणारी तार त्या उतारास पुनःपुन्हा स्पर्श करते, प्रत्येक स्पर्शाबरोबर वरच्या स्वरांत नवे बळ भरले जाते, आणि एका षड्जातून गंधारापर्यंतचे स्वयंभू स्वर उमलू लागतात. तार जेथे छेडावी तेथे ज्यांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा भौतिकशास्त्राचा रूढ नियम. तंबोऱ्यात मात्र ते स्पष्ट ऐकू येतात, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या निबंधात दाखवून दिले आणि त्याचे श्रेय या घोडीस दिले. तार आणि घोडी यांच्यामध्ये गवई जे सूत सरकवितो तेही याच कामासाठी. देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने सांगितलेली वेळूची चीप आणि मिरजेच्या घोडीवरचे सूत यांचा हेतू एकच आहे.

घोडीच्या या घासकामास जवारी म्हणतात, आणि तिचे माप कोणत्याही फूटपट्टीवर येत नाही. कानस दोन वेळा फिरवावी, तार चढवावी, ऐकावे, तार उतरवावी, पुन्हा कानस घ्यावी. एक हात अधिक पडला की सारे मुसळ केरात आणि उतार नव्याने बांधावा लागतो. कारागिरास याचे गणित विचारले तर तो गणित सांगत नाही. गाणारा कोण, पट्टी कोणती, आवाज खुला हवा की बंद, असे उलट प्रश्न करतो. जवारीचे काम सुरू होते ते गवयाचा गळा जाणून घेण्यापासून, हे त्या प्रश्नांवरून ध्यानी येते.

मराठवाड्याच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून पुढे आहे. जवारी कायमची नसते. तारेच्या घर्षणाने घोडीवर चर पडतात आणि वर्षा-दोन वर्षांत वाद्य पुन्हा कारागिराच्या हाती द्यावे लागते. शिवाय नांदेड-लातूरकडचा बेचाळीस अंशांचा उन्हाळा आणि लगेच येणारा ओलसर पावसाळा यांच्या ओढाताणीत सांधे सुटतात, तबली उलते. मिरज येथून दूर. परिणामी अनेक घरांत आणि विद्यालयांत गवसणीत घातलेला तंबोरा कोपऱ्यात उभा असतो आणि रियाज चालतो तो मोबाईलमधील सुरावर, ज्यास मिळवावे लागत नाही आणि म्हणून जो विद्यार्थ्याच्या कानास काहीच शिकवीत नाही.

मिरजेच्या सतारीस आणि तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले ही आनंदाची गोष्ट आहे. मानांकनाच्या कायद्याने दहा वर्षांकरिता, आणि नूतनीकरणाने पुढेही, मिरजेच्या नावाचे रक्षण होईल. हाताचे रक्षण कायद्याने होत नाही, ते मागणीने आणि दुरुस्तीच्या नियमित कामानेच होते. युरोप-अमेरिकेत हाताने गिटार घडविणाऱ्यांची प्रदर्शने भरतात. बर्लिन येथे २०१४ साली भरलेल्या अशाच एका मेळ्यात कारागीर स्वतः आपल्या वाद्यामागे उभे होते आणि वाजविणारा त्यांच्याशी लाकडापासून फळीच्या जाडीपर्यंत सवालजबाब करू शकत होता. आपल्याकडे नांदेडचा ‘संगीत शंकर दरबार’ आहे, लातुरास रसिकांची वाण नाही. अशा उत्सवांत मंडपाच्या एका बाजूस मिरजेच्या चार कारागिरांस सन्मानाने बसवावे, त्यांचा प्रवास आणि मुक्काम समितीने सोसावा, आणि पंचक्रोशीतील तंबोरे, सतारी, भजनी वीणा यांची जवारी उत्सवाच्या दिवसांत त्यांच्याकडून करून घ्यावी; जमल्यास येथील दोन-चार होतकरू मुलांस कानस धरण्याची तालीमही तेथेच सुरू व्हावी. खर्च एखाद्या नामांकित कलाकाराच्या बिदागीहून खात्रीने कमी येईल, आणि मैफल संपल्यावर गावात सुरात लागलेली वाद्ये शिल्लक राहतील.